सातशे माणसांचे पाय

काका मुलीकडे कायमचे राहायला जाणार, हे त्यांनी मला एका बुटाची टाच घासता घासता सांगितलं. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "काकू तिथे रमलीये, नात माझी वाट बघतेय. महिनाभरात निघतो." मुलीचं गाव इथून एका अख्ख्या दिवसाच्या प्रवासावर. मला राग आला. राग आला की मी रडत नाही, कामाला लागते. तशी लागले.

आम्ही बूट बनवतो, पण तयार बुटात ज्यांचे पाय बसत नाहीत अशांसाठी. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वाकडी, कुणाच्या तळव्याला मधुमेहाची जखम. बाबा गेल्यापासून हे दुकान काका आणि मी सांभाळतो, नदीपलीकडचं दुसरं दुकान माझा दादा. मापं काकांच्या एकतीस वह्यांत. त्यांचं अक्षर त्यांनाच लागतं, तेही चष्मा पुसून. पलीकडच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की दादा फोन करणार, मी वही धुंडाळणार, काका जेवायला गेलेले असणार.

म्हणून मी ठरवलं, सगळी मापं क्लाउडवर न्यायची. म्हणजे वह्या आपल्या कपाटात नाहीत, दूर कुठल्यातरी मोठ्या यंत्रांवर, आणि दोन्ही दुकानांतून हवं तेव्हा उघडायच्या. हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. काका गेल्यावर त्यांचं थोडंतरी इथे उरावं, एवढंच मला हवं होतं. ते तोंडाने बोलायची मात्र छाती झाली नाही.

"सातशे माणसांचे पाय हवेत ठेवायचे म्हणतेस?" काका म्हणाले.

"हवेत नाही हो. यंत्रात."

"बघ बाई. पंधरा दिवस देतो. नाही जमलं तर माझ्या वह्या परत टेबलावर."

काम लावून द्यायला जी शांत स्वभावाची बाई आली, तिचं नाव काकांनी पहिल्याच दिवशी ढगवाली ठेवलं. तिलाही ते आवडलं. वह्या वाचून दाखवायला काका रोज दुपारी तिच्याशेजारी बसत आणि प्रत्येक पायामागची हकिगत सांगत. ती मुकाट्याने तेवढंच टिपायची जेवढं बुटाला लागतं.

पहिला घोटाळा वेगाचा झाला. "पाय एका बाजूने कधी खरा दिसत नाही," असं म्हणून काकांनी येणाऱ्या प्रत्येकाच्या पायाचे बारा बारा फोटो काढले, तेही एवढे मोठे की अंगठ्याचे केस मोजावेत. सकाळी दहाला दोन्ही दुकानं उघडायची आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसायचं. बाकावर चार माणसं एकेक बूट काढून ताटकळत. दादाचा फोन, "इकडेही तेच. माझं गिऱ्हाईक एका पायावर उभं आहे." काकांनी सतरावी वही काढली, आठ सेकंदांत पान उघडलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वही हिसकावून घ्यावीशी वाटली.

ढगवालीने शांतपणे फोटो लहान केले. मूळचे मोठे फोटो मागितले तरच उघडायचे, आणि नवे वर चढवायचे ते जेवणाच्या सुट्टीत, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी पान चुटकीसरशी उघडायला लागलं. काका म्हणाले, "हं." त्यांच्याकडून "हं" मिळणं म्हणजे आमच्याकडे सत्कार असतो.

दुसरा घोटाळा मात्र आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून होणंच शक्य नव्हतं.

ढगवाली पहिल्यापासून सांगत होती, प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि स्वतःचा पासवर्ड हवा. काका ऐकेनात. "महिन्याभराचा पाहुणा मी, मला कशाला?" मग मीच आळस केला. सगळ्या दुकानाला मिळून एकच पासवर्ड ठेवला, दहा आकड्यांचा. आता आमच्याकडे पूर्वापार पद्धत अशी आहे की काका आकडा मोठ्याने बोलतात, चामडं कापणारे आमचे मास्तर तो तसाच मोठ्याने परत बोलतात आणि हाताखालच्या चामड्यावर खडूने लिहितात. चूक होऊ नये म्हणून. एके सकाळी काकांनी पासवर्ड असाच खणखणीत आवाजात उच्चारला. मास्तरांनी तो परत म्हटला आणि हाताखाली जो आतला तळ होता त्यावर लिहून टाकला. वर अस्तर चिकटवलं आणि बूट गिऱ्हाइकाला गेला.

चार दिवसांनी शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांचा डावा पाय इंचभर आखूड, वीस वर्षं बूट आमच्याकडचे.

"अस्तर सुटलं हो," त्या म्हणाल्या. "आणि हा आत कुणाचा फोन नंबर? मी लावूनही पाहिला. कोणी उचलला नाही."

मी बुटात डोकावले. आमचाच पासवर्ड. मास्तर पुढे झाले, वाचलं, आणि सवयीने तो आकडा पुन्हा मोठ्याने म्हणणार तेवढ्यात मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

ढगवाली तासाभरात आली. पासवर्ड बदलला, कोण कोण आत येऊन गेलं त्याची यादी तपासली. आमच्याखेरीज कोणी नव्हतं. मग तिने काकांना समोर बसवलं. "काका, हा आकडा भलत्याच्या हाती लागला असता, तर सातशे जणांचे पाय त्याने बघितले असते. जखमा, व्यंगं, नावं, पत्ते, सगळं."

काकांचा चेहरा उतरला. कोणाच्या पायाबद्दल दुसऱ्या कोणाकडे अवाक्षर काढायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. लग्न ठरलेल्या मुलीचा पाय त्यांनी तिच्या होणाऱ्या सासूलाही सांगितला नव्हता.

"मला माझं खातं काढून दे," ते मला म्हणाले. "आणि मी गेलो की त्याच दिवशी पुसून टाक."

मी फॉर्म भरायला घेतला. नाव, काम, काय काय बघायची मुभा. शेवटी एक रकाना होता, ही मुभा कधीपर्यंत. मी तो रिकामा सोडला.

"तारीख राहिली, ठिणगे," काका मागून म्हणाले. रागीट म्हणून लहानपणापासून ते मला हेच म्हणतात.

"नंतर भरते."

पंधरा दिवस झाले, वह्या कपाटातच राहिल्या. महिना संपला आणि काका गेले. स्टेशनवर मी त्यांच्याशी भांडले, कशावरून ते आठवत नाही. ढगवालीचा नियम होता की काम सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं. तिने दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा मी म्हटलं, करते. ही बेफिकिरी नव्हती. पुसायला माझा हातच होईना.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. काका फोनवर नातीचं बोलत, दुकानाबद्दल चकार शब्द काढत नसत. मीही विचारलं नाही. त्यांनी विषय मिटवला, आता मीही मिटवावा, असं मनाला समजावत होते आणि दिवसभर मास्तरांवर डाफरत होते. त्यात मुख्याध्यापिका बाईंचा नवा जोड अडकला. माप मी नव्याने घेतलेलं, फोटो ताजा, तरी बूट दर संध्याकाळी त्यांना चावायचा. तक्रार मी त्यांच्या पानावर टिपून ठेवली. दादाचं डोकं चालेना, माझंही नाही.

गुरुवारी सकाळी दुकान उघडलं, संगणक लावला, तर पडद्यावर लाल चौकट. "अनोळखी ठिकाणाहून कोणीतरी आत आले आहे. ही व्यक्ती तुमच्या ओळखीची आहे का?" खाली काकांचं नाव, लांबच्या गावाचं नाव आणि वेळ, सकाळचे सहा दहा. त्याखाली दोन चौकोन, हो आणि नाही.

मी खुर्ची ओढून बसले. "हो" दाबलं. चुकून दाबलं गेलं नसेल तर, म्हणून परत एकदा दाबलं.

बाईंचं पान उघडलं. मापाखाली नवी ओळ होती. "फोटो सकाळचा आहे. बाई दिवसभर वर्गात उभ्या असतात, पाय सुजतो. माप संध्याकाळी पाचनंतर घे. एवढं कसं कळत नाही?" पुढचं पान उघडलं, तिथेही एक शेरा. त्याच्या पुढे दोन. सहा दहापासून नवापर्यंत त्यांनी चाळीस पानं उघडली होती आणि प्रत्येकावर मला झापलं होतं.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मास्तर कात्री खाली ठेवून धावत आले. "काय झालं? बिघडलं का परत?"

"नाही," मी म्हणाले. "काका कामावर आलेत."