ताजा शिक्का

माझं वजन चौऱ्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम. 'पंच्याऐंशीच्या आसपास' वगैरे मला चालत नाही, कारण माझा धंदाच काट्यांचा. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले वजनकाटे मी तपासते, दुरुस्त करते आणि काटा बरोबर निघाला की त्यावर शिशाचा शिक्का मारते. शिक्का फोडल्याशिवाय काट्याच्या पोटात कुणाला हात घालता येत नाही. शिक्का दाबायची पकड बाबांची आहे. लोक मला काटेवाली म्हणतात. पाठीमागे जाडी काटेवाली म्हणतात, तेही मला ऐकू येतं.

आता माझ्या वजनाची एवढी उठाठेव कशाला, तर दादासाठी. माझा सख्खा मोठा भाऊ. दोन्ही किडन्या गेल्या त्याच्या. आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जायचं, चार तास मशीनला जोडून पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं. हाताच्या नसा दोनदा बंद पडल्या, तेव्हा मानेत नळी घातली. ती किती दिवस साथ देईल, असं विचारलं की डॉक्टर कागद चाळायला लागायचे. किडनी द्यायला मी तयार होते. रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्या पास झाल्या, आणि गाडी अडली ती माझ्या वजनावर! दात्यांच्या विभागातले डॉक्टर शेवटी म्हणाले, "ब्याऐंशीच्या आत या. गुरुवारी प्रत्यारोपणाची समिती बसतेय, फाईल पुढे ठेवतो. नाहीतर नाही."

सुरुवात मी ब्याण्णववरून केली होती. पहिले सात किलो असे भराभर उतरले की मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच होतं होय! आणि मग काटा जो अडला, तो अडलाच. सात आठवडे. रोज पहाटे साडेपाचला आमच्या इमारतीचे नऊ मजले सहा वेळा चढायचे, सहा वेळा उतरायचे. संध्याकाळी तासभर तरातरा चालायचं. साखर बंद, तळलेलं बंद, ताटातली भाजी उकडलेली. तीही सोनाराचा एक काटा माझ्याकडे दुरुस्तीला पडून होता, त्याच्यावर तोलून. शेंगदाणे मोजून अकरा. गुडघे करकरायला लागले, डोळ्यांखाली काळं आलं, ओढणीसुद्धा जड वाटायला लागली. आणि सकाळी काट्यावर उभी राहिले की तेच, चौऱ्याऐंशी सहाशे. मी तो काटा चार वेळा खोलून तपासला. काट्यात खोट नव्हती, खोट माझ्यात होती.

आहाराचं बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "असं होतं. शरीर थोडक्यात भागवायला शिकतं. धीर धरा."

"मी धरीन हो," मी म्हटलं, "मानेतली नळी धरेल का?"

घरात वेगळंच शिजत होतं. आम्ही तिघं एकाच घरात राहतो, दादा, वहिनी आणि मी. वहिनी माझ्यापेक्षा वर्षाने लहान, आमचं अगदी अरे-तुरेचं. पण रागावली की ती मला 'तुम्ही' म्हणते. गेला महिनाभर मी 'तुम्ही' होते. एके सकाळी माझ्या कामाच्या पिशवीत तिला चॉकलेटचा पत्र्याचा डबा दिसला.

"तुम्हाला द्यायची नसेल ना, तर सरळ सांगा," ती म्हणाली. आवाज अगदी थंड. "हे असं चोरून खाऊन वजनाच्या नावावर ढकलू नका. तो मरेल, आणि तुम्ही म्हणाल, काय करणार, वजनच उतरलं नाही."

त्या डब्यात मी स्क्रू ठेवते. झाकण उघडून दाखवलं असतं तर दोन सेकंदांत मिटलं असतं. पण माझा स्वभाव! अंगाची अशी आग झाली की मी डबा पिशवीत कोंबला आणि दार आपटून बाहेर पडले. वाटेत रडले. लोक बघत होते तरी रडले.

हा सोमवार होता. आणि दर तीन महिन्यांनी येणारा दात्यांच्या विभागातला काटा तपासायचा दिवसही नेमका तोच सोमवार होता.

खोलीत मी एकटी. काट्यावर त्या विभागातच ठेवलेली वीस-वीस किलोची चार प्रमाणित वजनं ठेवायची आणि आतलं बटण दाबून काट्याला सांगायचं, बाबा रे, याला ऐंशी म्हणायचं. एवढंच असतं ते काम. काटा बिचारा सांगाल ते मानतो. मी चार वजनं ठेवली. मग पिशवीतून एक-एक किलोची तीन काढली आणि तीही वर ठेवली. त्र्याऐंशी किलो. बटण दाबलं आणि सांगितलं, हे ऐंशी.

काम नेहमीसारखं सफाईने झालं. तेच मला आता जास्त खुपतं. मी वजनं उतरवली आणि स्वतः उभी राहिले. साडेएक्क्याऐंशी. इतक्या महिन्यांत मी एवढा सुंदर आकडा पाहिला नव्हता. मनात सगळं ठरलेलं होतं. या खोलीत येऊन येऊन येणार कोण, दोन-चार धडधाकट दाते. तीन दिवसांत कुणाचं काय बिघडतंय? गुरुवारी दहाला माझं वजन झालं की लगेच येऊन पूर्ववत करायचं, बस. बाबांची पकड काढली आणि शिक्का मारला. नवाकोरा, चकचकीत, सोमवारची तारीख.

गुरुवारी दहाला डॉक्टरांच्या समोर काट्यावर चढले. वहिनी दारात उभी होती, पदराचं टोक मुठीत आवळून.

"एक्क्याऐंशी पाचशे," डॉक्टर म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. "शाबास! मानलं बुवा तुम्हाला. दुपारी चारला फाईल समितीपुढे."

वहिनीने मला तिथेच मिठी मारली. "चुकलं गं माझं," ती हुंदके देत होती. "काय काय बोलले मी तुला." मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि नजर काट्यावर होती. तो पूर्ववत करायला पाच मिनिटं पुरली असती. पण डॉक्टरांनी पुढच्या दात्याला आत बोलावलं, आणि वहिनीने मला ओढत खाली उपाहारगृहात नेलं. चहा घ्यायचाच, तोही साखरेचा. तिला हवं ते बोलू दिलं मी. शस्त्रक्रियेनंतर दोघांच्या खाटा कुठल्या खोलीत टाकायच्या, इथपर्यंत तिचं ठरलं होतं. मी चहा तसाच ठेवून घड्याळ बघत होते.

बाराला ती दादाकडे गेली. त्याची मशीनची पाळी अकराची होती, म्हणजे तो केव्हाच पलंगावर असणार. मी पिशवी उचलली आणि वर धावले.

खोलीत काटा नव्हता. फरशीवर त्याच्या चार पायांचे नुसते ठसे.

"काटा कुठाय?" मी टेबलाशी बसलेल्या सिस्टरना विचारलं.

"डायलिसिसच्या वॉर्डात नेला. त्यांचा सकाळी बंद पडला ना! म्हटलं हाच न्या, याच्यावर ताजा शिक्का आहे. तुमचाच तर आहे."

डायलिसिसच्या माणसाला मशीनवर घेण्याआधी तोलतात. त्याचं ठरलेलं कोरडं वजन असतं, त्याच्यापेक्षा जेवढं जास्त भरेल तेवढं पाणी अंगात साचलेलं, तेवढंच मशीन काढून घेतं. दादाचं ठरलेलं सदुसष्ट. दर वेळी तो सत्तरच्या आसपास भरतो आणि तीन किलो पाणी काढतात. आज माझ्या काट्याने त्याला किती सांगितलं असेल? ते पाणी अंगातच राहिलं तर फुप्फुसात उतरतं. मग माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

दोन जिने मी कशी उतरले, मला आठवत नाही. जिने उतरायची सवय होती म्हणून पडले नाही, एवढंच.

वॉर्डात आठ पलंग, आठ मशीनं. दादा खिडकीजवळ. मला बघून त्याने हात वर केला. "ये ढब्बे, ये! ऐकलं मी! एक्क्याऐंशी! आणि माझं बघ, आज सहाशे ग्रॅमच जास्त! भाऊ-बहीण दोघं सडपातळ झालो बघ एकदम!" बोलता बोलता तो खोकला. वहिनी त्याला चमच्याने बर्फ भरवत होती. पाणी कमी वाढल्याचं बक्षीस.

वॉर्डच्या सिस्टर हसत म्हणाल्या, "आज सगळेच गुणी बाळासारखे वागलेत. कुणाचंच पाणी फारसं वाढलं नाही. दोघं तर ठरल्यापेक्षाही कमी भरले. मला जरा नवल वाटलं, पण शिक्का सोमवारचा होता, मग म्हटलं काट्याची शंका नको."

काटा भिंतीशी होता. घड्याळात सव्वाबारा. मला गप्प राहता आलं असतं, खोटं कशाला बोलू? कोपऱ्यात वाकायचं, 'बघू बरं, हलवताना काही सरकलंय का' म्हणायचं, तीन किलोचा हिशोब गुपचूप काढायचा आणि सिस्टरना सांगायचं, हलवताना बिघडला. चारला फाईल पास. जीभ तेवढंच बोलायला वळलीसुद्धा होती. पण मग सिस्टरनी विचारलं असतं, किती बिघडला, केव्हा, कुणाच्या वेळी? प्रत्येकाचं किती पाणी राहिलं हे धड कळल्याशिवाय मशीनवर आकडा कसा बदलणार? हलल्यामुळे बिघडलेला काटा वाटेल तो आकडा देतो. माझा काटा मात्र नेमका किती खोटं बोलतोय, ते फक्त मला माहीत होतं.

"बर्फ देऊ नको त्याला," मी वहिनीला म्हटलं. "सिस्टर, काटा खोटा आहे. ऐंशीला तीन किलो कमी दाखवतो. याच हिशोबाने सगळ्यांचं कमी आलंय. डॉक्टरांना बोलवा."

"अहो, पण तुमचा शिक्का…"

"माझाच आहे. मीच खोटा केला. सोमवारी. माझं वजन बसावं म्हणून."

वहिनीच्या हातातला चमचा तिथेच राहिला, बर्फ वितळून चादरीवर ठिबकत होता.

मी शिक्का फोडला. वॉर्डबॉयने वरून ढकलगाडीवर आणलेली वजनं चढवली, चार आणि फक्त चार, सिस्टरना उभं करून, त्यांच्या डोळ्यांदेखत. मग सिस्टर वहीतला एकेक आकडा वाचत गेल्या आणि मी खरा आकडा सांगत गेले. दादाचे सदुसष्ट सहाशे म्हणजे सत्तर किलो शंभर ग्रॅम. दुसऱ्या पलंगावरच्या आजोबांचे अडीच किलो जास्त. दाराजवळच्या शिक्षिकाबाईंचे पावणेदोन. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या, रागाने नाही, तेच सहन होईना. सगळ्यांचा वेळ दोन-दोन तासांनी वाढला. तेवढ्यात दात्यांच्या विभागातले डॉक्टर आले. सिस्टरनी त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी वहीतले दुरुस्त केलेले आकडे वाचून काढले. मग म्हणाले, "चढा काट्यावर."

चढले. चौऱ्याऐंशी सहाशे.

"सात आठवडे इथेच आहे," मी म्हटलं. "सगळं केलं हो मी. सगळं केलं."

"ते मला दिसत होतं," डॉक्टर म्हणाले. "तुमचे रक्ताचे सगळे आकडे सुधारले होते. अडीच किलोंसाठी मी समितीशी भांडलो असतो, बाई. आता कशाच्या जोरावर भांडू? उद्या तुम्ही म्हणालात मला काही दुखत नाही, मी ते खरं कसं मानू?" त्यांनी फाईल मिटली. "सहा महिने. सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, इथल्या माणसांसमोर. आणि काट्यांचं काम आता दुसरं कुणीतरी बघेल."

मी बाबांची पकड पिशवीत टाकली. घाईत स्क्रूंचा डबा कलंडला आणि झाकण उघडून सगळे स्क्रू फरशीवर खळाळत गेले, थेट वहिनीच्या पायांपर्यंत. तिने एक उचलला. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"यात स्क्रू होते?"

"हो."

"मग तेव्हा बोलली का नाहीस, मूर्ख?" ती ओरडली आणि तिथेच फरशीवर बसून स्क्रू गोळा करायला लागली. एकेक उचलून डब्यात टाकत होती आणि डोळे पुसत होती.

मी दादाच्या पलंगाजवळ गेले. त्याच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. सहा महिने म्हणजे काय, हे आम्हा तिघांना पक्कं माहीत होतं. त्याने माझा हात धरला. त्याचा हात गार पडला होता, बोटं पाण्याने फुगलेली.

"ढब्बे, सहाच महिने ना?" तो म्हणाला. "तू जिने चढ. मी थांबतो."

बोलताना त्याच्या छातीत पाणी वाजत होतं.