नववा धडा ऑप्शनला

माझं कूळ विचारू नका. मी झेरॉक्सची झेरॉक्स, स्पॅनिश व्याकरणाची स्पायरल घातलेली प्रत. माझ्यावरचे चहाचे डागसुद्धा दुसऱ्याच कुणाच्या कपाचे छापलेले. जन्म पुंडलिकनगरचा, विश्वजित सरांच्या क्लासखालच्या दुकानात.

माझ्यात बारा धडे आहेत. नवव्याच्या पानांना सरांनी चारी बाजूंनी पिना मारायला लावल्या. "चार मार्कांचा आहे. ऑप्शनला टाका." माझा संताप तिथून सुरू होतो. माणसं पूर्वी रोज काय करायची, कुठं राहायची, कशावर हसायची, ते सांगायचा भूतकाळ त्या धड्यात आहे. म्हणजे जवळजवळ सगळं आयुष्य, चार मार्कांना.

माझी मालकीण राजनंदिनी खुलताबादहून एसटीनं क्लासला यायची. तिला वेरूळच्या लेण्यांत स्पॅनिश गाइड व्हायचं होतं. परीक्षेत ब्याऐंशी मार्क पडले. सरांनी तिचा फोटो फ्लेक्सवर चढवला. मग एका पर्यटन कंपनीनं रविवारी चाचणीला बोलावलं. तिथल्या तनुजा मॅडमना अर्धा तास स्पॅनिशमधून लेणं दाखवायचं. जमलं तर नोकरी.

शनिवारी तिनं वडिलांसमोर तालीम केली. तिचे आबा, म्हणजे नानासाहेब, तीस वर्षं मराठी-हिंदीतून लेणी दाखवतात. त्यांच्यासाठी ती प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत होती: अमुक शतकात कोरलं, तमुक शतकात सोडून गेले.

"पोरी, सातबारा वाचायलीस का? भिक्खू इथं काय करायचे ते सांग की. या कट्ट्यावर निजायचे, टाक्यातून पाणी भरायचे..."

"ते मला येत नाय, आबा. सरांनी ऑप्शनला टाकलं."

"राहणं ऑप्शनला टाकलं? लई हुशार दिसतात तुझे सर."

तिनं सरांना फोन लावला. सर म्हणाले, "परीक्षा झाली ना? मग आता कशाला पाहिजे?" पूर्ण फी घेतलेल्या माणसाचं हे उत्तर.

तिनं केसांतल्या आकड्यानं माझ्या पिना उचकटल्या. दोन पानं फाटली. पण एका संध्याकाळात नववा धडा पचत नाही. रविवारी लेण्यात ती "विवीआन" म्हणाली, म्हणजे 'राहायचे'. पुढची तीन वाक्यंही बरोबर आली. मग अडली. तनुजा मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मार्चमध्ये परत बघू."

फ्लेक्सवर ती अजून हसते आहे. खरी राजनंदिनी मात्र आबांबरोबर लेण्यांत फिरते आणि स्पॅनिश बोलणारं कुणी दिसलं की स्वतःहून पुढे होते. मी तिच्या पिशवीत, नवव्या धड्यावर दुमडलेली.

तुम्ही तिथं असाल आणि ही मुलगी मध्येच थांबली, तर घाई करू नका. गेलेल्या माणसांना ती पुन्हा रोजच्या कामाला लावते आहे. त्याला थोडा वेळ लागतो.