एकीची सरासरी

"जवळ कुणी दिसत नसतानाही कुणीतरी आहे, असं तुम्हाला कधी वाटतं का?" संशोधिकेने पुढचा प्रश्न वाचला.

इस्त्रीवालीने चादरीची घडी घातली, तिच्यावर तळहात फिरवला. इस्पितळाच्या धुलाईखात्यात यंत्रांची घरघर चालू होती.

"वाटतं की. आमचे हे जाऊन वर्षं झाली, पण संध्याकाळी दारात येऊन बसतात."

"आणि घरखर्चाला दमडी देत नाहीत!" शेजारच्या टेबलावरची ओरडली.

"जिवंतपणी तरी कुठे देत होते?"

दोघी हसल्या. संशोधिका हसली नाही. हसण्याने उत्तरं बदलतात. तिने 'होय'वर खूण केली.

"आमच्या डोंगरात सगळ्यांचीच माणसं येतात," इस्त्रीवाली म्हणाली. "नाही आली तर लोक विचारतात, भांडलीस का म्हणून." मग तिने आवाज खाली आणला. "पण ताई, हे वर साहेबांना कळणार नाही ना? वेडी म्हणून काढलं, तर लेकीला घेऊन कुठे जाऊ?"

"नाव कुठेच येणार नाही. फक्त गटांच्या सरासऱ्या. तुम्ही खरं तेच सांगा."

इस्त्रीवालीने शेवटच्या प्रश्नापर्यंत खरं तेच सांगितलं.

कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याच्या या पाहणीला परवानगी देताना व्यवस्थापकाने एकच अट घातली होती: निष्कर्ष आधी त्याला दाखवायचे. पाहणी संपल्यावर आपल्या खोलीत बसून त्याने तक्ता पुढ्यात ओढला. शहरातले, किनाऱ्यावरचे, डोंगरातले. प्रत्येक खात्याचे वेगळे आकडे.

"डोंगरातले फारच वर गेलेत हो. धुलाईखात्यात तर कळसच. या लोकांची डोकी अशीच."

"प्रश्न शहरातल्या माणसांवर बेतलेले आहेत. डोंगरातल्यांकडे गेलेली माणसं येणं हा आजार नाही, रीत आहे. अहवालात तसं लिहिलंय मी."

"असेल, असेल." तो पान उलटता उलटता थांबला. "इथे धुलाईखात्यातल्या डोंगरातल्यांच्या सरासरीपुढचा रकाना रिकामा कसा? चूक दिसतेय तुमची."

संशोधिका खुर्चीत ताठ झाली.

"चूक नाही. त्या रकान्यात उत्तरांमधला फरक असतो. तो काढायला निदान दोन माणसं लागतात."

बोलून झाल्यावर तिने ओठ मिटले.

व्यवस्थापकाने चष्मा काढला. "म्हणजे तिथे एकच आहे."

ती तक्त्याकडे पाहू लागली.

"आणि ती वाफेच्या यंत्रापाशी? उद्या काही झालं, तर माझ्या गळ्याशी येईल." त्याने फोन उचलला. "धुलाईखात्यात डोंगरातली कोण आहे हो? वर पाठवा. आणि तिचा हिशेब करून ठेवा."

"साहेब, हा आकडा एका माणसाला लावता येत नाही."

"बाई, चूक नाही असं तुम्हीच म्हणालात ना आत्ता?"

तिने तक्त्याचा मुडपलेला कोपरा बोटाने सरळ केला.

दारावर टकटक झाली. अ‍ॅप्रनला हात पुसत इस्त्रीवाली आत आली. तिचा चेहरा उतरलेला होता. नजर व्यवस्थापकावरून संशोधिकेकडे गेली, आणि तिचे खांदे सैल पडले.

"अगंबाई, तुम्ही आहात होय!" ती म्हणाली. "मी उगीचच घाबरले."