सत्तावीसचे एकोणतीस

आमच्या हायवेवरचा प्रत्येक अपघात आधी माझ्या रजिस्टरमध्ये येतो, मग वरच्या साहेबांच्या डोक्यात. अकरा वर्षं मी नियंत्रण कक्षात बसते. समोर भिंतभर पडदे, त्यांवर मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाड्यांच्या रांगा, कानाला वायरलेस. वेळ, वाहनं, जखमी, मृत, किलोमीटर असे पाच रकाने मी भरते. माझं अक्षर देखणं आहे आणि त्याबद्दल दोनदा शाबासकीही मिळाली आहे. आता ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

वायरलेसच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा माझा सख्खा भाऊ असतो. दादा क्रेन चालवतो. अपघात झाला की मागे गाड्या तुंबतात, हॉर्न सुरू होतात, साहेब मिनिटं मोजतात. म्हणून दादाची पद्धत ठरलेली. मोडलेली गाडी साखळ्यांनी उचलायची, पुढच्या रुंद थांब्यावर नेऊन ठेवायची, रस्ता मोकळा करायचा आणि मग मला कळवायचं, "एकोणतीसला आहे, लिही." मी एकोणतीस लिहायचे. इतर क्रेनवाले त्याच्याच हाताखाली शिकलेले, तेही तसंच करायचे. रस्त्यावरून फोन करणाऱ्या लोकांना किलोमीटर कुठे माहीत असतो? ते "वळणापाशी" म्हणायचे. तिथे कॅमेरा नव्हता, आणि वळण लिहायला माझ्याकडे रकाना नव्हता.

मंगळवारी नवा इंजिनिअर आला. पोरसवदा, चष्मा सारखा घसरणारा. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"ताई, एकोणतीसला रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे दिवे लागले, कठडे लागले, कॅमेराही लागला. तरी माणसं तिथेच का मरतात?"

"जागा आवडली असेल," मी म्हटलं. ऐन कामात कुणी असले प्रश्न विचारले की माझं डोकं फिरतं.

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत उतारावरचं वळण होतं, टायरचे काळे ओरखडे, कडेला काचांचा चुरा. "हे सत्तावीस. वळणापलीकडे बाजूचा रस्ता येऊन मिळतो, तिथे रोज गाड्या तुंबतात. उतारावरून येणाऱ्याला रांगेचं शेपूट दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तुमच्या रजिस्टरप्रमाणे इथे अकरा वर्षांत फक्त दोन अपघात."

आमच्याकडे नियम आहे, एका किलोमीटरला तीन वर्षांत पाच मृत्यू झाले की तिथे बंदोबस्त करायचा. तो बंदोबस्त आम्ही दोघा बहीणभावांनी मिळून दोन किलोमीटर पुढे नेऊन ठेवला होता.

"क्रेनवाल्यांचा लेखी जबाब लागेल, एकेका नोंदीचा," तो म्हणाला. "तो हातात आला की त्याच दिवशी वळणाआधी रस्त्यावर लाल प्लास्टिकचे कोन लावतो, वेग चाळीसवर आणतो. मुख्य माणूस तुमचा भाऊच ना? मग आजच होऊन जाईल."

आज कसं होणार होतं? चौदा महिन्यांपूर्वी दुपारी वायरलेसवर दादाचा आवाज आला होता. "एकोणतीसला आहे, लिही." मग बराच वेळ नुसती खरखर. मग, "तुझी वहिनी आहे." मी लिहिलं. अक्षर जराही बिघडलं नाही.

आता त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, की दिवे आपण चुकीच्या जागी लावून घेतले आणि मग वहिनी गेली? त्या दिवसापासून तो जेमतेम जेवत होता. मंगळवार गेला. बुधवारी मी त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले. गुरुवारी सकाळी एक ट्रक रांगेत घुसला आणि छोट्या गाडीतले निवृत्त मास्तर गेले. दादानेच गाडी उचलली. शुक्रवारी त्याची सुट्टी होती. मी अडतीस नोंदींची यादी घेऊन गेले.

त्याने सगळं ऐकलं. मग ऑइलने काळी पडलेली बोटं पुसली आणि पेन मागितलं.

"ही निळी व्हॅन, सत्तावीस. हा टँकर खरंच एकोणतीस, त्याचा टायर फुटला होता. हे नवराबायको, सत्तावीस." त्याला सगळं आठवत होतं, कुठली गाडी कुठल्या बाजूने चेपली होती तेसुद्धा. वहिनीच्या ओळीवर आला, तिथेही त्याने सत्तावीस लिहिलं. मग पान मागे उलटलं आणि ओळींवरून बोट फिरवत मृत्यू मोजू लागला. पाचव्यावर थांबला.

"म्हणजे दिवे इथे लागले असते," तो म्हणाला. "ती जायच्या दोन वर्षं आधी."

"दादा, तू मुद्दाम नाही केलंस. आणि लिहिलं तर मीच ना?"

"हो," तो म्हणाला. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल.

"तुला कधी कळलं हे?"

खोटं बोलावं असं मनात येऊन गेलं. "मंगळवारी."

त्याने पेन खाली ठेवलं. "काल मी त्या मास्तरांना बाहेर काढलं. शुद्धीवर होते. बायकोला फोन लावा म्हणत होते, नंबर सांगत होते. शेवटचे दोन आकडे राहिले." तो माझ्याकडे बघत होता. "मंगळवारी सांगितलं असतंस तर कोन लागले असते?"

"हो."

"मग का नाही सांगितलंस?"

"तुला सहन झालं नाही तर, म्हणून."

"मला सांगितलं असतंस तर मी मेलो असतो का?"

मला रडू फुटलं. एरवी माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं की दादा पाघळतो, लहानपणापासून. त्या दिवशी त्याने सही केली, शर्ट चढवला, किल्ली घेतली आणि म्हणाला, "चल, आत्ताच देऊन येऊ."

इंजिनिअर शब्दाला जागला. दुपारी चार वाजता वळणाआधी कोन लागले. टेम्पोतून दोन माणसं उतरली, तीस कोन मांडले, वेगाची पाटी उभी केली आणि तंबाखू मळत बसली. गाड्या उतारावरून यायच्या आणि वळणाआधीच हळू व्हायच्या. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. दादा कडेला उभा राहून बघत होता. मग गाडीत बसला आणि मला चल न म्हणताच निघून गेला.