दुसरा आकडा

तिसऱ्यांदाही तोच आकडा आला, तेव्हा आम्रपालीने काचेची कुपी यंत्रातून काढली, पुसली आणि उजेडाकडे धरली. द्रावण स्वच्छ होतं. काचेवर बोटाचा ठसाही नव्हता.

यंत्राचा दिवा कालच बदलला होता. नव्या दिव्यावर भरवसा ठेवण्याआधी एखादा जुना नमुना मोजून बघायचा, ही खेडजवळच्या या औषधांच्या कारखान्यातली तिची एकोणीस वर्षांची सवय. म्हणून तिने मंगळवारी पास केलेल्या बॅचच्या राखीव गोळ्या कुटल्या होत्या. रक्तदाबाची गोळी, एकीत दोन औषधं. दोन्ही प्रकाश शोषतात, पण सारखा नाही. म्हणून प्रकाशाच्या दोन वेगळ्या लहरींवर मोजायचं आणि त्यावरून कोणतं किती, ते काढायचं. एकाच लहरीवर नुसती बेरीज कळते.

मंगळवारी पहिला आकडा नीट आला होता. दुसऱ्या लहरीवर, विझायला टेकलेल्या दिव्यामुळे, तो सारखा हलत राहिला. मागच्या नऊ बॅचेसना दुसरा आकडा जवळपास एकच होता. तिने तोच लिहिला आणि सही केली.

आज बेरीज बरोबर होती. पण नाडी मंदावणारं औषध दीडपट होतं आणि दुसरं निम्म्याहून कमी.

यंत्रच चुकत नाही ना, हे बघायला तिने शुद्ध औषधांची द्रावणं मोजली. ती बिनचूक आली. दुसऱ्या दहा गोळ्या कुटल्या. पुन्हा तेच. दाभोळला आई रोज चहाआधी अशीच एक गोळी घेते, हे तिला नेमकं आत्ता आठवलं.

खाली अंगणात गोदामातला केरू ट्रकवर खोकी चढवत होता. तिने खिडकीतून विचारलं, "केरूदादा, कोणती बॅच ही?"

"तुमचीच की, मंगलवारची! चारला सुटतेय. ड्रायवरचा वडापाव संपला की निघाला."

पावणेचार झाले होते. लेकीचं, आरोहीचं, नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं; फी हिच्याच पगारातून जायची. आम्रपाली आकड्यांचा कागद घेऊन भराभर जिना उतरली.

"अहो ताई, बसा. घाम किती आलाय!" गुणवत्ता विभागाचे प्रमुख सुहास सर म्हणाले.

"सर, मंगळवारची बॅच थांबवा."

त्यांनी तिच्या हातातला कागद पाहिला. "नवा दिवा आहे, अजून स्थिरावला नसेल. तुमचा मंगळवारचा आकडा आहेच की वहीत. तुमच्या आकड्यावर मी कधी शंका घेतलीय?"

एवढं पुरलं असतं. नुसती मान हलवायची होती.

"सर, मंगळवारी दुसरा आकडा मी मोजलाच नव्हता."

"म्हणजे?"

"मागच्या नऊ बॅचेसना आला, तोच लिहिला."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग फाटकावर फोन लावला. "गाडी सोडू नका. सगळा माल उतरवा." फोन ठेवल्यावरही त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"आणि आधीच्या नऊ?"

"त्या मोजल्यात सर. शपथ."

"आता कोण मानणार, ताई?" ते हळूच म्हणाले. "कपाटाच्या चाव्या ठेवा. चौकशी होईपर्यंत प्रयोगशाळेत येऊ नका."

अंगणात खोकी उतरत होती. "आत्ता चढव, आत्ता उतरव! आमची कंबर काय लोखंडाची हाय?" केरू कावला होता. तिला पाहून म्हणाला, "म्याडम, कोणाची चूक झाली ओ?"

"माझी," ती म्हणाली. केरू हसला. त्याला ती थट्टा वाटली.

कंपनीची बस साडेपाचला सुटायची. रिकामी बस उन्हात तापत उभी होती. आम्रपाली चढली आणि रोजच्या जागेवर, खिडकीशी बसली. पुढच्या बाकावर आडवा झालेला ड्रायव्हर आत्माराम उठला. त्याने घड्याळ पाहिलं, मग तिला पाहिलं.

"आज लवकर गो, बाय?"

"हो."

त्याने इंजिन सुरू केलं, बस सावकाश मागे घेत फणसाच्या सावलीत नेली आणि पुन्हा बंद केली.