नकाशा साफ हाय

राजेश्वर गुरुजींचा मोतीबिंदू काढला तो नेमका ऑक्टोबरात. परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं, आठ दिवस कॉम्प्युटरकडं ढुंकूनही बघायचं नाही. "मग गावानं कुणाकडं बघायचं?" गुरुजींनी विचारलं. डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

थट्टा कसली! चारठाण्यात एसटीच्या थांब्याजवळ एक काळा फळा आहे. भूगोल शिकवून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, गुरुजी रोज सकाळी त्यावर हवामान लिहीत होते. मोबाइलवर हवामान सगळ्यांनाच दिसतं, पण ते सगळ्या जिल्ह्याचं. परभणीत पडलेल्या पावसाचं चारठाण्याला काय कौतुक? गुरुजींच्या मुलानं, सोमेश्वरनं, लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. त्यात सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरचा पत्ता घालायचा, कुठला उपग्रह, किती वाजताचं चित्र, ते निवडायचं आणि आपल्या भागाचा तेवढा तुकडा मागायचा. सगळी पृथ्वी मागितली तर गावचं नेट धापा टाकायचं. मग हळूहळू नकाशावर ढग उतरायचे. घड्याळ तेवढं लंडनचं असायचं, त्यात साडेपाच तास मिळवायचे.

सुरुवातीला लोक खिदळले. "वरच्याला इचारलं का, गुरुजी?" म्हणायचे. गुरुजींचा पारा चढायचा. पाऊस कुणी वर बसून पाडत नाही, ढग कुठून निघाला ते दिसतं, कुठं जाणार ते ताडता येतं, हे त्यांनी पारावर सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, एकदा तर मयतीलाही सांगितलं. तिथं त्यांना लोकांनी गप्प बसवलं. पण हळूहळू गाव फळा वाचून काढणी ठरवायला लागलं. गुरुजींना आयुष्यात याहून जास्त काही नको होतं.

दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा फळा दोन दिवस कोरा होता आणि ओसरीवर माणसं बसली होती. सोयाबीन वाळून कडकडीत झालेलं. कस्तुराबाई तर उभीच होती. नवऱ्यामागं तीन एकर एकटीनं करणारी बाई.

"शेंगा तडकायल्यात, गुरुजी. आज काढू का थांबू, तेवढं सांगा."

"टोळी टमटममधी बसून हाय," दत्तराव म्हणाला. सगळ्यांसाठी मजूर त्यानंच आणले होते. "आज न्हाई म्हणलं तर जिंतूरकडं निघून जातेत. मग दिवाळीपत्तर माणूस मिळायचा न्हाई."

लॅपटॉपपुढं गुरुजींची सून त्रिवेणी बसली. शिकलेली, पण इंग्रजी अक्षर दिसलं की बिचकणारी. सासऱ्यानं शेजारी काळा चष्मा लावून बसायचं आणि सांगत राहायचं, तिनं बटणं दाबायची. अर्धा तास नुसतं चक्र फिरत राहिलं. बाहेर टमटमवाल्यानं तीनदा हॉर्न वाजवला.

"काय दिसायलंय?"

"आला नकाशा, अप्पा. साफ हाय."

"सगळा मराठवाडा?"

"सगळा साफ. ठिपका न्हाई कुठं. पर खाली लाल अक्षरात..."

गुरुजी उठले होते. एकदा उतावीळपणा अंगात शिरला की शहाणा माणूसही बायकापोरांचं अर्धं बोलणं ऐकून चालायला लागतो. थांब्यावर जाऊन त्यांनी अंदाजानंच फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: दोन दिवस उघाड. काढणी करावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पाऊस आला. रात्रभर पडला, सकाळी पडला, दुपारीही पडत राहिला. कापलेलं सोयाबीन रानोरान पसरलेलं होतं.

"पुन्हा उघड ते," गुरुजी म्हणाले. त्रिवेणीनं लॅपटॉप उघडला. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की तिला ओरडून बोलावं लागलं.

"परवासारखंच हाय, अप्पा. साफ!"

गुरुजींनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाले, "साफ म्हंजे काय गं?"

"साफ म्हंजे साफ. डबा साफ होतो तसं. आत कायीच न्हाई. नुस्त्या जिल्ह्याच्या रेघा हायत."

लाल अक्षरं त्यांनी तिला एकेक करून वाचायला लावली. तिसऱ्या अक्षरालाच त्यांना कळलं. सर्व्हरकडून माहिती मिळाली नाही, असं ते वाक्य होतं. अकरा वर्षांत त्यांनी ते शंभरदा वाचलं होतं आणि शंभरही वेळा फळा कोराच ठेवला होता. आभाळात ढग नव्हते असं नाही, नकाशात आभाळच आलं नव्हतं. त्रिवेणी रडायला लागली. "तू सांगत होतीस," गुरुजी म्हणाले, "मीच ऐकलं न्हाई."

पाऊस थांबल्यावर ते चिखल तुडवत कस्तुराबाईच्या रानात गेले. ती ओल्या सोयाबीनचे पेंडके उलटे करत होती. शेंगांमधून पांढरे मोड बाहेर आले होते. वास सुटला होता.

"कस्तुराबाई, माझी चूक झाली. नकाशा आलाच नव्हता. मी न बघता लिहिलं."

तिनं पदरानं हात पुसले. गुरुजी वाट बघत राहिले. तिनं तोंड सोडावं, गावभर नावं ठेवावीत, फळा फोडावा, यासाठीच ते आले होते.

"तुमी कशाला जिवाला लावून घेता?" ती मऊ आवाजात म्हणाली. "वरच्याच्या मनात आलं, त्याला तुमी आमी काय करणार?"

"न्हाई बाई. हे आधी कळलं असतं. ढग दिसले असते. चूक माझी हाय."

"असं कसं, गुरुजी? पाऊस काय कुणाला कळत असतोय व्हय?" तिला खरोखरच त्यांची दया आली होती. "दत्तराव बी तेच म्हणत होता. देवमाणूस हाय, उगी झुरंल म्हणला. बसा तुमी, च्या ठिवते."

चुलीचा धूर होईपर्यंत गुरुजी बांधावर बसून राहिले. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा खडू हातात घेतला असता.