नऊ वर्षांचं पिंप

चव घ्यायची सभा अकराची होती. संचालक मंडळी दीडला उगवली, तीही वरवंडला मटण हाणून. सतीशनं कपाळावर हात मारला. तिखट रश्श्यानं भाजलेल्या जिभेला बारा वर्षांची रम काय आणि टपरीवरचा चहा काय, सारखंच.

दौंडकडच्या या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत सतीश केमिस्ट होता. चेअरमन साहेबराव ऊस बघायला म्हणून वेस्ट इंडीजच्या अभ्यासदौऱ्यावर गेले आणि बार्बाडोसच्या बारा वर्षं मुरलेल्या रमची बाटली घेऊन आले. एवढाच अभ्यास. पण सतीशचा जीव त्या बाटलीत अडकला होता. पंच्याण्णव साली त्यानं आपल्याच मळीच्या रमचं एक लाकडी पिंप भरून गोदामाच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. नऊ वर्षं तो महिन्याला एकदा थेंबभर जिभेवर घेई आणि थुंकून टाकी. पंचशील पाळणाऱ्या आईला त्यानं शब्द दिला होता, घशाखाली एक थेंब जाणार नाही. आता गोदामात क्रेट रचायचे म्हणून पिंप उपसायचं चाललं होतं. आज बाहेरच्या रमशेजारी ते टिकलं, तर वाचणार होतं.

त्यानं प्रत्येकापुढं दोन पेले मांडले. एक नंबरात बार्बाडोस, दोन नंबरात पिंपातली. कुठली कुठं, ते त्यालाच ठाऊक.

"आधी नुसता वास घ्या," तो म्हणाला. "मग एक घोट, तोंडात घोळवून."

"आन् सोडा?" संचालकांतल्या नवनाथनं विचारलं.

"सोडा नाही."

"बर्फ तरी?"

"नाही."

"मंग पार्टी हाय का परीक्षा?"

त्याच्या शेजारच्या सोपानरावांच्या गालात तंबाखूचा बार होता. थुंका म्हटलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, लज्जत वाढती." तोवर नवनाथनं पिशवीतून कोल्ड्रिंक काढून दोन्ही पेल्यांत ओतलंसुद्धा. "दोनी येकच लागत्यात," त्यानं निकाल दिला. सतीशला वाटलं, आपलंच डोकं भिंतीवर आपटून घ्यावं. गाढवापुढं वाचली गीता म्हणतात, ती हीच.

महिलांच्या राखीव जागेवरच्या अनसाबाई कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. घरचं गुऱ्हाळ त्यांनी चाळीस वर्षं चालवलेलं. बाईमाणसाला काय विचारायचं म्हणून त्यांच्यापुढं कुणी पेला ठेवू दिला नव्हता.

साहेबरावांनी मात्र सांगितल्याप्रमाणं केलं. एक नंबर घोळवून "बरी हाय" म्हणाले. मग दोन नंबर घेतला. डोळे मिटून त्यांनी पुन्हा घोट घेतला.

"आरं, ह्याला म्हणत्यात फॉरेन!"

सतीशचा ऊर भरून आला. साहेब, ती आपली, हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात साहेबराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "आपली आशी निघाली आसती ना, तर मार्चमधी आमच्या प्रगतीच्या लग्नात आख्खं पिंप फोडलं आसतं!"

सतीशनं तोंड मिटलं. वाईट ठरलं तर क्रेटसाठी बाहेर, चांगलं ठरलं तर मांडवामागं, आणि तिथं नवनाथसारखे शंभर जण कोल्ड्रिंक घेऊन टपलेले. इकडं आड, तिकडं विहीर. त्याला चीड आली, स्वतःच्या चांगल्या कामाचीसुद्धा.

"बरोबर ओळखलंत. दोन नंबर बाहेरची," तो म्हणाला. "एक नंबर आपली. अजून कच्ची आहे. चार वर्षं कुणी हात लावला नाही, तर दोनच्या जवळ जाईल."

"मंग ऱ्हाऊ दे ते पिंप. क्रेट दुसरीकडं लावा." साहेबराव उरलेली बाटली बगलेत मारून उठले. मागोमाग मंडळी गेली.

सतीश पेले गोळा करू लागला. नऊ वर्षं त्यानं दारू न पिण्याचं पाचवं शील सांभाळलं होतं आणि आज चौथं एका वाक्यात मोडलं. खोटं बोललो तेही कशासाठी, तर आपल्याच मालाला कच्चं म्हणायला.

अनसाबाई उठल्या. साहेबरावांचा दोन नंबरचा रिकामा पेला त्यांनी नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"दादा, ह्याला तर आपल्याच मळीचा वास हाय. आमच्या काकवीच्या जुन्या रांजणाला येतो, तसाच."

सतीशचे हात थांबले. "मावशी, कुणाला..."

"न्हाई सांगत. रांजणाचं तोंड मातीनं लिंपलं की आमच्यात त्येचं नाव काढत न्हाईत. न्हाई तर पोरं ठिऊ देत न्हाईत." त्यांनी पेला पालथा घातला. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"पर तुमास्नी कुणी सांगितलं न्हाई, म्हणून सांगते. लई चांगली झालीया."

नऊ वर्षांत असं म्हणणारं पहिलंच माणूस, आणि त्या माणसानं ती चाखलीही नव्हती. सतीशनं चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसला.